एकच संदेश, अक्षर हलवायचं नाही

सहादेव, तू आधी बस आणि नुसतं ऐक. मधे बोलायचं नाही, हसायचं असेल तर शेवटी एकदमच हसायचं, आणि 'असं कुठं असतं का' हे तर अजिबात म्हणायचं नाही, कारण असं असतं, आणि ते इथंच, आपल्या गावात झालं, तू श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीत गटांगळ्या खात होतास तेव्हा. गहिनीनाथनं केलं. म्हणजे त्यानं काही वाईट केलं नाही रे. त्यानं जे केलं ते एवढं नीट केलं, एवढं तंतोतंत केलं, की त्यातच सगळा घोटाळा झाला.

आपलं म्युझियम तुला माहितीच आहे. कोल्हारकडं जाताना रस्त्याला लागून, एसटीच्या थांब्यासमोर, सोसायटीचं जुनं गोदाम. कॅनॉल खणताना आणि प्रवरेच्या काठाला जे जे निघालं ते सगळं तिथं आणून मांडलेलं. रानबैलाचा जबडा, दगडी कुऱ्हाडी, तोफेचा एक गोळा (त्याचा जोडीदार अजून रखमाजीअण्णांच्या गोठ्यात दावं अडकवायला आहे, तो मागायची कोणाची छाती नाही), आणि तो वीरगळ. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा शूराचा कोरलेला दगड, हातात ढाल-तलवार, वर चंद्र-सूर्य. बघायला पैसा पडत नाही. तरी कोणी बघायचं नाही.

गहिनी बी.ए. झालेला, इतिहास घेऊन. त्याची नेमणूक झाली 'संग्रहालयपाल' म्हणून. त्याच्या आईनं, चांगुणाबाईनं, आळीभर सांगितलं की राज्यपालाच्या खालोखाल ही जागा असते. आळीनं त्यातलं फक्त शेपूट उचललं. दुसऱ्या दिवसापासनं सगळे त्याला 'पालसाहेब' म्हणायला लागले, आणि कुणाच्या भिंतीवर पाल चुकचुकली की म्हणायचे, "सायबास्नी बोलावनं आलं." गहिनीला हे फार लागायचं. तो टाय बांधायला लागला तो त्यामुळंच. आपल्याकडच्या उन्हात, टाय! पुढं त्या टायचं काय झालं ते येईलच, पण ते असो.

तर रखमाजीअण्णा. म्युझियम कमिटीचे चेअरमन तेच, सोसायटीचे चेअरमन तेच, लग्नात अक्षता आधी पडणार त्यांच्याच हातनं. माणूस दिलदार, पण बोलणं सरळ. एक दिवस आले, जबड्यावर टोपी काढून ठेवली आणि म्हणाले,

"गहिनी, ह्ये बघ. एसटी चुकलेली मानसं हितं सावलीला येत्यात, पानी पित्यात, जांभया देत्यात आन जात्यात. एकदा आलेलं मानूस पुन्ना येत न्हाई. खरं का खोटं?"

"खरं, अण्णा."

"मग ही जागा आडवून काय उपेग? मला युरिया ठिवायला गोदाम न्हाई. तुला उन्हाळाभर सवड दिली. गर्दी दाव. सारखी येनारी, नेहमीची मानसं दाव. न्हाई तर जबडा तुझ्या घरी आन युरिया हितं."

गहिनीला घोर लागला. नोकरीचं तर होतंच, पण खरं सांगू का, त्याचा त्या दगडांवर जीव. जबड्यावरची धूळ तो स्वतःच्या रुमालानं पुसायचा आणि तोच रुमाल मग तोंडाला लावायचा. आपण ओरडायचो, त्याला कळायचंच नाही.

आणि त्याच आठवड्यात पुण्याला शिबिर निघालं. लहान लहान म्युझियमवाल्यांना बोलावलेलं. तिथं मुंबईचे एक जाहिरातवाले गृहस्थ आले होते, ते म्हणाले, "माणूस एकदा येतो तो चुकून येतो. दुसऱ्यांदा येतो तो तुमच्यामुळं. त्याला आणायचं असेल तर एक संदेश धरा. छोटा धरा. आणि तोच भिंतीवर, तोच कागदावर, तोच शिपायाच्या तोंडी, तोच साहेबाच्या तोंडी. अक्षर हलवायचं नाही. लोक कंटाळले असं तुम्हाला वाटेल तेव्हा त्यांना तो नुकता कुठं ऐकू यायला लागलेला असतो."

गहिनी परत आला तो असा, जसा काही दीक्षा घेऊन आलाय. एसटीतनं उतरला, पिशवी आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "आई, संदेश!"

ती म्हणाली, "आधी हातपाय धू."

आता संदेश कोणता? अरे, गावात सल्ल्याला काय तोटा. शाळेतल्या सुमनबाईंनी सुचवलं, 'गतवैभवाच्या गाभाऱ्यात आपले हार्दिक स्वागत'. छगन पेंटर म्हणाला, "बाई, यात वळणं लई. उन्हात रंग वाळतो, मी 'गाभाऱ्या'पतूर येईस्तवर 'गत' उडून जाईल." बन्सी म्हणजे आपला टांगेवाला, जो तंबूतल्या सिनेमाची जाहिरात कर्णा लावून फिरवतो, त्याचं म्हणणं, 'थरारक! रोमहर्षक! ढिश्शूमसकट!' गहिनी म्हणाला, "ढिश्शूम कुठाय आपल्याकडं?" बन्सी म्हणाला, "तो वीरगळ मेला कशानं मग?"

शेवटी संदेश सापडला तो स्वयंपाकघरात. मामा आलेले, निघाले. गहिनी विचारात. मामा उंबऱ्यातनं म्हणाले, "येतो रे." आणि हा आपल्या तंद्रीत म्हणाला, "बरं, जा."

चांगुणाबाईच्या हातातलं उलथनंच खाली पडलं. "जा? जानाऱ्याला जा म्हनत्यात व्हय? काय शिकला रं पुन्याला? या म्हनावं. पुन्ना या म्हनावं!"

गहिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुन्हा या! दोन शब्द. जोडाक्षर एकच. आपल्या मातीतलं, आपल्या उंबऱ्यावरचं, आणि ज्याला दुसऱ्यांदा आणायचं त्याला सरळ तेच सांगितलेलं. त्यानं आईला उचलून गोल फिरवलं. मामांची एसटी चुकली ती या गडबडीत.

मग काय, काम सुरू. रस्त्याकडेच्या भिंतीवर लिहायचं म्हणून परवानगी काढायला गहिनी एका ऑफिसात गेला. नाव नको घ्यायला. तिथल्या क्लार्कनं वर न बघता सांगितलं, "साहेब न्हाईत. पुन्हा या."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. गहिनीचा चेहरा फुलला. परत गेला. "फाईल वर गेलीय, पुन्हा या." परत गेला. "फाईल खाली आलीय, पुन्हा या." तो आम्हाला पाराशी सांगायचा, डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, "लेको, हा शब्द लोकांच्या रक्तातच आहे! एवढ्या मोठ्या ऑफिसात, एवढा साधा माणूस, शिबिराला न जाता, प्रत्येकाला, अक्षर न हलवता तेच म्हणतो! आणि खरंच जातात रे माणसं पुन्हा! रांग असते!"

आम्ही पण माना हलवल्या. खोटं कशाला बोलू, आमच्याही डोक्यात काही आलं नाही.

परवानगी आली आणि छगननं ब्रश उचलला. छगनचा हात ट्रकच्या मागच्या फळ्यांवर बसलेला, त्यामुळं अक्षर असं की लांबनं दिसावं. फाटकाच्या कमानीवर टांगलेल्या बोर्डावर लाल रंगात 'पुन्हा या'. रस्त्याकडच्या भिंतीवर 'पुन्हा या'. गहिनी म्हणाला, शेजारी नमस्काराचे हात काढ. छगननं एकच पंजा काढला, उभा, लाल, हा एवढा.

"दुसरा हात?"

"त्याच्या मागं हाय. नमस्कार बाजूनं बघितला तर एकच दिसतो. तू बघ करून."

गहिनीनं करून बघितला. खरंच एकच दिसला. झालं.

मग पाण्याचा रांजण. थांब्यावरचे लोक तिथं पाणी प्यायला यायचे, म्हणजे संदेश तिथं पाहिजेच. रांजणावर 'पुन्हा या' आणि पंजा. केशरबाई म्हणजे म्युझियमची शिपाई, झाडलोट तिचीच, फाटकावर बसणंही तिचंच. ती आल्यागेल्याला म्हणायची, "या गं बाई, बसा, सावली हाय." गहिनीनं तिला समोर उभं केलं.

"केशरमावशी, आजपासनं हे बंद. माणूस दिसला की फक्त 'पुन्हा या' म्हणायचं. दुसरं अक्षर नाही."

"पानी हाय का इचारलं तर?"

"पुन्हा या."

"मुतारी कुठं हाय इचारलं तर?"

गहिनी जरा घुटमळला. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. "पुन्हा या."

"कळ निघंल का त्याला तवर?" केशरबाईनं विचारलं, पण गहिनी पुढं गेला होता.

बन्सीचा टांगा फिरायला लागला. कर्ण्यातनं आवाज, "म्युझियम, म्युझियम! पुन्हा या, पुन्हा या!" आणि तंबूच्या सिनेमात काचेची स्लाइड. ती स्लाइड मात्र पहिल्याच खेळाला आपटली. झालं असं, तंबू गच्च भरलेला, दिवे गेले, पडदा उजळला, आणि पहिल्याच चित्राला लाल पंजा आणि 'पुन्हा या'. लोक उठले. गुपचूप उठले रे! "मशीन बिघडलं वाटतं," म्हणत अर्धा तंबू पोरंबाळं काखेला मारून बाहेर. मॅनेजर गहिनीच्या मागं धावला तो नदीपर्यंत. गहिनी सांगायचा, सिनेमावाल्यांना संदेशाची ताकद पेलवली नाही.

आणि म्युझियममध्ये? शुकशुकाट. आधी निदान एसटी चुकलेले यायचे, आता तेही नाहीत. गहिनी आत टेबलाशी टाय बांधून बसायचा. बाहेर पावलं वाजायची. तो सरळ व्हायचा, टाय नीट करायचा. केशरबाईचा आवाज यायचा, "पुन्हा या." आणि पावलं परत जायची. त्याला वाटायचं, बघ, केशरमावशी कशी चोख. माणूसच कमी पडतंय. म्हणजे संदेश कमी पडतोय. लगेच छगनला बोलावून दोन भिंती आणखी रंगवायच्या. छगननं पुढं कोल्हारच्या वाटेवरचे मैलाचे दगड रंगवायची तयारी केलेली, ते थोडक्यात वाचले. एसटीचा कंडक्टर तर थांबा आला की आपणहून ओरडायला लागला, "म्युझियमवालं कोनी असंल तर उतरू नका, त्ये बंद असतंय!" रांजण काठोकाठ भरलेला, शेजारी तहानलेला माणूस, आणि तो लिहिलेलं वाचून ओठ चाटत परत जातोय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सगळ्यात मोठा अपमान झाला तो कसा सांगू. अण्णांनी युरियाचा टेम्पो पाठवला एकदा, म्हणजे आधीच, गुपचूप, जागा किती पुरते बघायला. ड्रायव्हर फाटकाशी आला. केशरबाई म्हणाली, "पुन्हा या." त्यानं टेम्पो वळवला आणि गेला. गहिनी खिडकीतनं बघत होता. त्याला आनंद व्हावा का वाईट वाटावं ते कळेना. युरिया टळला हे खरं, पण ड्रायव्हर आत येऊन एक कुऱ्हाड बघून गेला असता तर काय बिघडलं असतं, असं त्याला वाटत राहिलं. एवढी हाव लागली होती रे त्याला माणसाची.

आता उन्हाळा संपत आला. अण्णांनी सांगितलं, "या बाजारी मी सोता येतो. टेम्पो घिऊन येतो. गर्दी असली तर माघारी जातो."

बाजाराचा दिवस. गहिनीनं टायला इस्त्री केली. टेबलाशी बसला. आणि काय, बाहेर एकदम गलका! बाहेर येऊन बघतो तर फाटकाबाहेर माणसंच माणसं. बाया, बाप्ये, टोपल्या, शेळ्या, एका बाईच्या काखेत कोंबडा. सगळ्यांत पुढं राहीबाई. राहीबाई नदीपलीकडची म्हातारी, हातात तेलाची बाटली, आणि तिचा आवाज असा की कोंबडा गप्प बसला.

"आज आत घेतल्याबिगर हलनार न्हाई! उघडा, म्युझम उघडा!"

सगळे ओरडले, "उघडा! उघडा!"

तेव्हा घेरावांचे दिवस होते ना, कारखान्यात घेराव, कॉलेजात घेराव, बायांनी बाजारातच ठरवलेलं, म्युझियमला पण एक घालून टाकू. गहिनी तर खुळाच झाला. फाटक सताड उघडं, दार सताड उघडं, आणि लोक ओरडतायत उघडा! तो काही बोलणार एवढ्यात टेम्पो आला, टेम्पोत युरिया, पुढं अण्णा.

अण्णांनी गर्दी बघितली. लोकांचं ओरडणं ऐकलं. मागं वळून युरियाच्या पोत्यांकडं बघितलं. पंचायतीच्या निवडणुका जवळ आलेल्या. माणूस मुरलेला, क्षणात टेम्पोवर चढला.

"मंडळी! तुमच्या मनात काय हाय त्ये मला कळलंय! म्युझियम ही आपली शान हाय! ह्यो युरिया हितं येनार न्हाई!"

युरियाचं काय ते कोणाला कळलं नाही, पण अण्णा थांबले की टाळ्या वाजवायच्या ही गावाची रीत, टाळ्या पडल्या. अण्णांना जोर चढला. "आन ह्या पोरानं काय दोन शब्द लिवल्यात! पुन्हा या! आन आला की न्हाई तुम्ही पुन्हा? आज मी सांगून ठेवतो, ह्यातलं एक अक्षर कुनी हलवलं तर माझ्याशी गाठ हाय! फुडल्या बाजारी मी चार गावचे चेअरमन आनतो. त्यास्नी बी बघू द्या गर्दी कशी आत शिरती! त्या दिवशी मातर फशीवलं, तर युरिया पैला आत!"

टाळ्या. आणि तेवढ्यात बाजार उठला, थांब्यावर एसटीनं हॉर्न दिला, आणि सगळी गर्दी टोपल्या उचलून एसटीकडं पळाली. एक माणूस आत गेलं नाही, सहादेव! गावाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गर्दी म्युझियमला आली आणि एका माणसानं जबडा बघितला नाही!

मागं राहिली फक्त राहीबाई, कारण तिची वाट नदीतनं. गहिनीनं तिला विचारलं, "आजी, दार तर उघडंच होतं. आत का नाही आलात?"

तिनं त्याला खालपासनं वरपर्यंत बघितलं, टायवर जरा थांबली. "उघडं व्हतं? आन त्ये काय लिवलंय वर? मला वाचता येत न्हाई, पर दर बाजारी कुनाला तरी वाचाया लावते. पुन्ना या. ती केशर बी म्हनती, पुन्ना या. मी काय येडी हाय? तलाठ्याकडं जावं, पुन्ना या. दवाखान्यात जावं, पुन्ना या. आमी जल्मभर ह्येच ऐकतोय. पुन्ना या म्हंजी आज काम न्हाई, जा घरी. किती खेपा घातल्या रं मी! माझ्या बांधावरचा दादा आनलाय न्हवं तुम्ही हितं? त्याला तेल घालायचं हाय. माझ्या सासूनं घातलं, तिच्या सासूनं घातलं. आन तू, गळ्यात दावं बांधून, म्हनतो पुन्ना या!"

बांधावरचा दादा म्हणजे तो वीरगळ.

गहिनी मटकन रांजणाला टेकून बसला. एवढे दिवस, एवढ्या भिंती, एवढा लाल रंग! आणि सगळ्यांत नेहमीचं, सगळ्यांत निष्ठेनं येणारं माणूस कोण, तर जिनं म्युझियमचा उंबरा ओलांडलेला नाही ती!

राहीबाईला तो हात धरून आत न्यायला निघाला, पण तिनं हात सोडवला. "आता न्हाई. दिवस कलला. नदीला पानी सोडलंय कॅनॉलचं. फुडल्या बाजारी येते." आणि गेली.

आता गहिनीपुढं पेच बघ. बोर्ड राहिला तर माणूस आत येणार नाही. माणूस आत आलं नाही तर चार चेअरमनांसमोर अण्णांची फजिती, आणि युरिया. बोर्ड पुसला तरी युरिया, कारण अण्णांनी टेम्पोवरनं, माईक नसताना, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलेलं. आणि शिबिराची दीक्षा वेगळीच. सल्ला द्यायला परत सगळे हजर. सुमनबाई म्हणाल्या, पुढं एक उद्गारचिन्ह घाला, अर्थ बदलेल. छगन म्हणाला, "उद्गारचिन्ह म्हंजी अक्षर धरायचं का न्हाई? आधी अण्णास्नी इचारा." चांगुणाबाई म्हणाली, "मी शब्द दिला त्यो बरोबरच हुता. निघनाऱ्याला म्हनायचा शब्द तू येनाऱ्याच्या तोंडावर मारला."

आणि गहिनी उठून उभा राहिला. "म्हणजे शब्द बरोबर आहे. माणसंच उलट्या दिशेनं येतायत!"

पुढचा बाजार. फाटकासमोर लिंबाच्या सावलीत खुर्च्या, चार चेअरमन, मधे आज टोपीऐवजी फेटा बांधलेले अण्णा, चहा. लोक येत होते, बोर्ड वाचत होते, पंजा बघत होते, केशरबाई म्हणत होती "पुन्हा या", आणि लोक परत जात होते. अण्णांचा चेहरा पडत चालला. एक चेअरमन दुसऱ्याला म्हणाला, "शिरत तर कोनीच न्हाई."

पण परत वळलेल्या माणसाला कोपऱ्यावर बन्सी गाठत होता. कर्णा बाजूला ठेवून, कुजबुजत, "म्युझियम का? गप बसा टांग्यात." आणि टांगा मागच्या बोळात. गोदामाच्या मागं पोती आत ढकलायची ती मोठी खिडकी, बिनगजाची. खाली छगनच्या रंगाचे पालथे डबे, वर गहिनी, टाय खांद्यावरनं पाठीवर टाकलेला. एकेकाला हात देऊन आत. आत आलं की जबडा, कुऱ्हाडी, तोफेचा गोळा, आणि समोर दार, दारातनं बाहेर, आणि फाटकाशी केशरबाई, "पुन्हा या!"

आता ऐक, आता बरोबर! निघणाऱ्याला 'पुन्हा या', आणि ते लोक हसून म्हणत होते, "येतो मावशी, येतो!"

आणि सावलीतल्या चेअरमनांनी काय बघितलं? आत एक माणूस गेलं नाही, आणि बाहेर मात्र माणसंच माणसं. नवरा-नवरी बाहेर आले. धोतरवाले बाहेर आले. कोंबडा घेतलेली बाई बाहेर आली. एका चेअरमनच्या हातातली बशी कलली, चहा धोतरावर.

"रखमाजी," तो म्हणाला, "आत मानसं पिकवता काय रं? आमच्याकडं ऊस बी असा निघत न्हाई!"

अण्णा ऐटीत हसले, पण त्यांनाही ते कळेना. "जरा आलोच," म्हणाले आणि मागच्या बाजूला गेले.

तिथं खिडकीत राहीबाई. अर्धी आत, अर्धी बाहेर. तेलाची बाटली दातात धरलेली. एका हातानं चौकट, दुसऱ्या हातात गहिनीचा टाय, घट्ट, आणि गहिनी आतनं तिला दोन्ही हातांनी ओढतोय, चेहरा जांभळा. छगन खालनं डबे धरून.

"गहिनी!" अण्णा ओरडले. "फुडं दार उघडं आन ही म्हातारी खिडकीतनं का?"

गहिनीला खूप सांगायचं होतं. शिबिर, संदेश, तलाठी, आई. पण गळा टायमध्ये आवळलेला, आणि एवढे दिवस तोंडाला एकच वळण पडलेलं. त्याच्या घशातनं तेवढंच निघालं.

"पुन्हा या, अण्णा."

"बरं, येतो," अण्णा म्हणाले आणि वळले. चार पावलं चालूनही गेले.

मग थांबले. आपल्याच पायांकडं बघितलं. वर भिंतीकडं बघितलं. राहीबाईकडं, डब्यांकडं, टांग्यातनं उतरणाऱ्या लोकांकडं. आणि हळूहळू, अगदी टाचेपासनं चढत चढत, ते त्यांच्या डोक्यात शिरलं. मग ते हसले की काय विचारू नकोस. फेट्याचा शेमला सुटला, डोळ्यांतनं पाणी, छगनच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले.

राहीबाईनं दातातली बाटली काढून छगनच्या हातात दिली. "चेअरमन, आधी मला आत ढकला. मंग काय हसायचं त्ये हसा."

अण्णांनी स्वतः फेटा सावरून तिला खालनं आधार दिला. ती आत गेली, छगननं बाटली वर दिली. नीट चालत वीरगळापाशी गेली, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि तेल घातलं. नंतर दारातनं बाहेर पडताना केशरबाई म्हणाली, "पुन्हा या," आणि राहीबाई म्हणाली, "न्हाई तर काय! फुडल्या बाजारी येते की."

अण्णा आत डोकावले. "गहिनी, युरिया माझ्या पडवीत ठिवतो मी. पर ऐक. तिकडं चार चेअरमन तोंडात बोटं घालून बसल्यात, त्यास्नी ह्येचं रहस्य जल्मात कळता कामा नये. बोर्डाचं अक्षर हलवू नको. खिडकी तेवढी मोठी कर."

आणि गहिनीनं केली रे! गवंडी लावला, भिंत फोडली, मागं पायऱ्या बांधल्या, आणि आता सगळं गाव मागनं शिरतं आणि पुढनं निघतं, आणि बाहेरगावचं कोणी आलं तर अजूनही पुढनं बोर्ड वाचून परत फिरतं, मग बन्सी त्याला धरून आणतो. मी गहिनीला म्हटलं, अरे बाबा, गुपचूप एक दिवस तो बोर्ड उतरवायचा, फाटकाच्या आतल्या बाजूला लावायचा, सुटलो. तर तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसा काही मी जबडा विकायला सांगतोय. म्हणाला, संदेश एकदा धरला की धरला, माणसानं भिंत हलवावी.

आता तू एवढा शिकलेला, कॉलेजातला. खरं सांग. खिडकीत म्हातारी, तिच्या मुठीत तुझा टाय, समोर चेअरमन, आणि पुढच्या फाटकावर तूच लिहून घेतलेलं 'पुन्हा या'. तू असतास तर काय केलं असतंस?